बाराकुडा आधी आली

हॉलंडमधल्या झूटरमेरला मी तीन महिन्यांसाठी आले होते, सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणाला. फेब्रुवारीत बाळ झालं, मार्चमध्ये करोनामुळं विमानं थांबली. माझं परतीचं तिकीट मुलाच्या फोनमध्येच राहिलं. हे कोल्हापूरला एकटे होते आणि त्यांचं गॅरेज बंद होतं.

ह्यांना जुन्या अमेरिकन गाड्यांचं वेड. लग्नाआधी मुंबईत काम शिकत असताना एका जहाजवाल्या शेटची लाल मस्टँग दुरुस्तीला आली होती. तिचं बॉनेट ह्यांनी स्वतःच्या हातानं उघडलं. पुढं तशी गाडी कधी हाताखाली आली नाही, पण रद्दीतून इंग्रजी मासिकं आणायची, डिक्शनरी घेऊन वाचायची आणि मी भाकरी थापत असताना मला सांगायची, हे जन्मभर चाललं. मी नुसतं ऐकायचे. ऐकून ऐकून मला पाठ झालं.

इकडं शाळा बंद होती, नऊ वर्षांची नात घरात. तिच्याकडे पत्त्यांचा एक डच खेळ होता, एका जातीचे चार पत्ते जमवायचे. त्या पत्त्यांवर गाड्यांची चित्रं होती. आबांना, म्हणजे ह्यांना, ते कळलं आणि रोज फोनवर प्रश्न सुरू झाले. आमची सकाळ असायची, त्यांचं दुपारचं जेवण झालेलं असायचं.

"सांग पोरी, मस्टँग आधी आली का बाराकुडा?"

"मस्टँग."

"आजीला विचार."

मी नातीच्या कानात सांगायचे, "बाराकुडा. सोळा दिवस आधी."

"आबा, बाराकुडा. सोळा दिवस."

"तुझ्या आजीला सगळं येतंय. दाखवत नाही एवढंच."

आम्ही दोघं एकमेकांशी थेट बोलत नसू. लग्न झालं तेव्हा घरात सासू-सासरे होते, त्यांच्यासमोर बोलायची रीत नव्हती. ते गेले तेव्हा मुलगा मोठा झाला होता. मग मधे कुणाला तरी घालून बोलायची सवयच पडली. एकटे असलो की बोलायचो, पण फोनवर एकटं कसं असणार? मुलगा त्याच खोलीत कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून ऑफिसचं काम करायचा, सून बाळाला घेऊन सोफ्यावर. नात फोन धरायची आणि मी तिच्या मागं, अर्धी दिसेन अशी.

नातीला मराठी येतं, पण छोटी उत्तरं डचमध्येच येतात. हो म्हणायला ती "या" म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे म्हणाले, "अगं, या काय? विमान कुठाय यायला?" मग त्यांना कळलं. तरी रोज एकदा तरी म्हणायचे, "आलो बघ, या म्हणालीस म्हणून."

एकदा सांगत होते, जीटीओ नावाच्या गाडीला अमेरिकेत लोक बकरी म्हणायचे. तीनशेच्या वर घोड्यांची ताकद आणि नाव बकरी. "माझंही तसंच आहे पोरी. बाहेर सगळे मला उस्ताद म्हणतात. घरात काय किंमत आहे ते आजीला विचार."

मी म्हटलं, "सांग त्यांना, बकरी दूध तरी देते."

नातीनं ते सांगितलं. हे इतके हसले की खोकला आला. तेव्हा खोकल्याचं काही वाटलं नव्हतं.

जूनमध्ये भारतात न्यायला खास विमानं सुरू झाली. मुलगा जेवताना म्हणाला, "आई, नाव देऊ का तुझं? पण तुझी शुगर, एवढा प्रवास. तूच सांग."

मला जायचं होतं. मी म्हटलं, "त्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी फोन आला. हे म्हणाले, "आज गाडीचा प्रश्न नाही. आजीला विचार, तिला तिथं करमतंय का."

नातीनं तो शब्द ऐकलेला नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं, मी काही बोलले नाही. मग तिनं आपलं उत्तर दिलं, "या."

मुलानं एका कानावरचा हेडफोन काढला होता. सूनही बघत होती. तिनं माझं काही कमी केलं नव्हतं. त्यांच्या घरात, त्यांच्यासमोर, तुझ्या बापाशिवाय मला करमत नाही हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी पदर सारखा केला. हे वाट बघत होते. मी नाही म्हणायला हवं होतं, एवढंच, एक शब्द.

"बरं झालं," ते म्हणाले. मग मुलाला म्हणाले, "मग राहू दे तिला. इकडं काही खरं नाही."

आणि लगेच नातीला, "सांग, जर्मनीत मस्टँगला मस्टँग का म्हणत नव्हते?"

"ते नाव तिथं आधीच एका ट्रकनं घेतलं होतं," मी तिच्या कानात सांगितलं. त्या दिवशी माझा आवाज तिलाही नीट आला नाही, दोनदा सांगावं लागलं.

सप्टेंबरात ह्यांना दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी तिथल्या सिस्टरनं त्यांच्यासमोर फोन धरला. मुलानं फोन माझ्या हातात दिला, सगळ्यांना घेऊन बाहेर गेला आणि दार लावून घेतलं. सात महिन्यांत पहिल्यांदा मधे घरचं कुणी नव्हतं.

ह्यांच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. डोळे माझ्याकडे होते. सांगायचं होतं एक आणि जीभ वळली भलतीकडंच. मी विचारलं, "पहिल्या चार्जर गाडीचे दिवे दिवसा का दिसत नाहीत?"

त्यांनी चादरीवरचा हात थोडा उचलला आणि तळवा सावकाश उलटा केला. दिवे असे आत वळतात आणि त्यांच्या पाठीवरची जाळी पुढं येते, गाडीच्या पुढच्या जाळीसारखीच. उत्तर बरोबर होतं. मी म्हटलं, "बरोबर." सिस्टर म्हणाल्या, आता पुरे.

दोन दिवसांनी ते गेले. मुलानं शेवटचे विधी काही आम्हाला फोनवर दाखवले नाहीत, दाखवण्यासारखं नव्हतंच. शेजारच्या डच बाईंनी दारातून एक कार्ड आत टाकलं. त्यावर त्यांनी हातानं चार ओळी लिहिल्या होत्या, नातीनं वाचून दाखवल्या.

तेराव्यानंतर धाकट्या दिरांचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, शेवटपर्यंत दादा तुमच्याबद्दल निर्धास्त होता. मी म्हणायचो, वहिनींना बोलावून घे, तुला बघायला कुणी नाही. तर म्हणायचा, नको रे, तिला तिथं करमतंय, मी विचारलंय."

मी म्हटलं, "हो."

नात शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "आजी, करमतंय म्हणजे काय?"

मी म्हटलं, "आबा जवळ नसले की मला जे होत नाही, ते."

ती म्हणाली, "हे तू आबांना सांगितलंस?"

"नाही."