हुशार मुलीला काय लागतं

मामाला कॉम्प्युटरमधलं कळतं, असा आमच्या घराण्यात एक समज आहे. तो कोणी पसरवला ठाऊक नाही, पण मामाने तो कधी खोडून काढला नाही एवढं नक्की. मामा अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या बसगाड्यांचं काम तो तिथे बघतो. पण कंपनी कॉम्प्युटरची, म्हणून माणूस कॉम्प्युटरचा. या न्यायाने आम्ही हॉस्पिटलच्या कँटीनवाल्याकडून ऑपरेशनसुद्धा करून घेतलं असतं.

कोणाचा टीव्ही रुसला, कोणाचा मोबाइल अडकला, की फोन मामाला. मामाचा उपाय एकच: बंद करून चालू कर. चालू झालं तर मामा ग्रेट, नाही झालं तर वस्तूच भिकार.

मला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि लॅपटॉपचा विषय निघाला. वरच्या वर्गातल्या मुलींना विचारून, वाचून, डोळे फुटेपर्यंत तुलना करून मी एक नक्की केला होता. दिसायला ठोकळा, उचलायला जड, पण आख्खी इमारत पडद्यावर चारी बाजूंनी फिरवून दाखवली तरी अडखळणार नाही असा. साध्या लॅपटॉपवर ती ड्रॉइंग्ज उघडतच नाहीत, आणि उघडली तर पुढचं काम होत नाही, हे मी आईला समजावून सांगितलं. पाच वर्षं त्याच्यावरच काढायची होती. आई इथे मुलुंडलाच एका शाळेत गणित शिकवते, तिला मुद्दा कळतो. तिने सगळं ऐकलं, नेमके प्रश्न विचारले आणि म्हणाली, "पटतंय मला. आपण दादाला विचारू."

इथे मी कपाळावर हात मारला. माझी आई हेडमास्तरांची चूकसुद्धा पोटात घालत नाही. वाण्याच्या मशिनआधी हिची बेरीज तयार. लग्नाकार्यात पाहुणे मुद्दाम तिला मोठमोठे आकडे घालतात, ती तोंडी गुणाकार करून दाखवते आणि सगळे टाळ्या वाजवतात. ही बाई थोरल्या भावासमोर बसली की नुसती मान डोलावते. बाबांना विचारून उपयोग नव्हता. ते पैसे भरायला एका पायावर तयार होते आणि मत द्यायला अजिबात नाही. बायको आणि मेव्हणा यांच्यामध्ये पडायचं नाही, यावरच त्यांचा संसार सुरळीत चालला आहे.

रविवारी मामा बोरिवलीहून आला. कोथिंबीर वड्यांची ताटली समोर आल्याशिवाय त्याला तांत्रिक बोलता येत नाही. दोन वड्या पोटात गेल्यावर त्याने माझं सगळं ऐकल्यासारखं केलं.

"रॅम असते ना, रॅम," तो म्हणाला, "ती महत्त्वाची. बाकी सगळं मार्केटिंग."

"मामा, ग्राफिक्स कार्ड लागतं."

"ते गेम खेळणाऱ्यांना. तू कशाला एवढं ओझं वाहतेस, बाळा? पातळ घे, हलका घे. मुलींना तोच बरा. आमच्या ऑफिसात सगळे तोच वापरतात."

ऑफिसात म्हणजे बसच्या वेळा टाइप करायला.

"पण मी सांगतेय तोच तुझ्या मुलाकडे आहे," मी म्हणाले. माझा मामेभाऊ कॉमर्सला आहे. त्याच्या लॅपटॉपचा कीबोर्ड लाल दिव्यांनी पेटतो आणि त्यावर तो दिवसभर माणसं मारतो.

मामा मोकळेपणाने हसला. "त्याची गोष्ट वेगळी गं. त्याचं डोकं तुझ्याइतकं चालत नाही. मग मशीन तरी चालायला नको?"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. माझ्या हुशारीचं कौतुक झालं आणि त्याच झटक्यात लॅपटॉप गेला. मी हसले नाही, तर म्हणे माझा स्वभाव तिरसट आहे. असेल. अडाण्याचं ऐकून घेताना गोड हसायचं हे शिक्षण मला मिळालेलं नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. तिथल्या सेल्समनने आमच्यातलं गिऱ्हाईक कोण हे एका नजरेत ओळखलं आणि तो थेट मामाशी बोलायला लागला. मामाने पातळ लॅपटॉप हातात घेऊन मिठाईचा बॉक्स जोखावा तसा जोखला. बॅग फुकट आहे का, माउस फुकट आहे का, हे प्रश्न मात्र त्याने जाणकारासारखे विचारले. शेवटी सेल्समनलाच काय वाटलं कोण जाणे, त्याने विचारलं, "मॅडम, कोर्स कुठला आहे?"

"आर्किटेक्चर," मी म्हणाले.

"मग हा नाही चालणार. पहिल्याच वर्षी वाट लागेल. तुम्हाला तो जाडा लागेल."

मी आईकडे बघितलं. आईने मामाकडे बघितलं. मामाला एका सेल्समनकडून अपमान करून घ्यायची सवय नव्हती.

"अहो, आमची पोरगी हुशार आहे," तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "हिला कुठलाही द्या, ही करेल. हिची आई तशीच. आमच्या वडिलांनी मला कॉलेजला कॅल्क्युलेटर आणून दिला होता, चांगला सायंटिफिक. हिला नाही दिला. हिला लागलाच नाही! सगळं तोंडी! काय गं?"

मामा आईकडे बघून हसला. ती नेहमीसारखी मान डोलावेल अशी त्याची खात्री होती. माझीही होती.

"लागत होता मला, दादा," आई म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिने. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाला सांगतात तसं सांगितलं.

"अगं, मग मागायचा होतास!"

आई सेल्समनला म्हणाली, "तो जाडा काढा. ती सांगतेय तोच." मग माझ्याकडे वळून, "नीट बघून घे. तोच आहे ना?"

"मग मला बोलावलं कशाला?" मामा म्हणाला. त्या दिवसभरात त्याने विचारलेला हा एकच शहाणा प्रश्न. आणि एवढं होऊनही पठ्ठ्याने निघताना बॅग फुकट मागून घेतली, स्वतःसाठी.

तो बोरिवलीला जायला परस्पर निघाला. आम्ही रिक्षात बसलो. खोका माझ्या मांडीवर होता. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला राग येत होता आणि तो नेमका कोणावर काढावा कळत नव्हतं.

"मग मागितला का नाहीस?" मी विचारलं.

"कौतुक फार करायचे गं सगळे," ती म्हणाली. "आल्यागेल्यासमोर आकडे घालायचे. मागितला असता तर वाटलं असतं, हिचं डोकं संपलं. म्हणून मीच म्हणायचे, मला नको."

"इंजिनिअरिंग करायचं होतं तुला?"

"दादाने केलं ना," ती म्हणाली.

दादाने केलं. आणि बसगाड्या मोजतोय.

गेल्या महिन्यात घराण्यात एक बारसं होतं. माझा ठोकळा दुसऱ्या वर्षात गेला आहे आणि अजून एकदाही अडखळलेला नाही, पण त्याबद्दल मामा चकार शब्द काढत नाही. जेवणं चालू होती. चार नवे पाहुणे बघून मामाला चेव आला आणि त्याने पंगतीतच आईला एक लांबलचक गुणाकार घातला. लोक माना वळवून बघायला लागले. मीही बघत होते. उत्तर तिला आलेलं होतं, तिच्या डोळ्यांतच दिसलं मला ते.

"तुझ्याकडे कॅल्क्युलेटर आहे ना, दादा," आई म्हणाली, "त्याच्यावर कर." आणि वाढप्याला थांबवून तिने आणखी एक जिलेबी घेतली.