बुधवारचा अर्धा तास

माझ्या मैत्रिणीचा मला फार हेवा वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. ती नर्स, मी फार्मसिस्ट; ऑकलंडच्या दक्षिणेला, पापाकुरात आम्ही एकाच रस्त्यावर राहायचो. मूळची आमची गावं नगर जिल्ह्यातली, एकमेकांपासून दोन कोसांवर, आणि दोघींचीही घरं वेशीबाहेरची. तिचे पणजोबा मिशनऱ्यांकडे गेले आणि ख्रिस्ती झाले. माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जाच एकच होता, वाटा दोन झाल्या. पण न्यूझीलंडमध्ये तिची वाट थेट चर्चच्या दारात पोहोचली आणि माझी कुठेच पोहोचेना.

तिचं बाळंतपण झालं तेव्हा चर्चच्या बायकांनी तीन आठवडे जेवण पोचवलं. तिच्या नवऱ्याला पेनरोजच्या गोदामातली नोकरी चर्चमधल्याच कुणीतरी लावून दिली. रविवारी सकाळी तिला न्यायला गाडी यायची, आणि मी खिडकीतून बघायचे. इथल्या फार्मसिस्टच्या नोंदणीची माझी परीक्षा तेव्हा व्हायची होती. पुस्तक मांडीवर असायचं आणि एक ओळ डोक्यात शिरायची नाही. आमच्याकडे वंदनेला चारच कुटुंबं यायची, ऑकलंडच्या चार टोकांहून, आणि तीही उशिरा.

मग मुलगी शाळेत जायला लागली. शाळा सरकारी, पण दर बुधवारी अर्धा तास तिथे बायबलचा वर्ग भरायचा. सरकारी शाळेत धर्म शिकवायला कायद्याची आडकाठी, म्हणून तेवढा अर्धा तास शाळा ‘बंद’ आहे असं धरायचे. ज्यांना वर्ग नको त्यांनी चिठ्ठी द्यायची. मी मोठ्या बाणेदारपणे दिली, आणि माझी मुलगी फिजीकडच्या दोन मुस्लिम भावंडांबरोबर लायब्ररीत बसू लागली. चर्चतर्फे वर्ग घ्यायला कोण यायचं, तर माझी मैत्रीण. वर्गातल्या मुलांना ती चकचकीत चांदण्यांचे स्टिकर द्यायची. मुलगी घरी येऊन विचारायची, “आई, व्हाय कान्ट आय स्टे इन?” मी लांबलचक उत्तर द्यायचे. ते तिला पटायचं नाही, आणि मला तरी कुठे पुरतं पटायचं. पोरीला पुन्हा वेशीबाहेर बसवलं होतं आणि चिठ्ठी माझ्याच हातची होती.

२००७ साली शाळेचा कारभार बघणाऱ्या मंडळाची निवडणूक आली. पालकांनी आपल्यातलेच पाच जण निवडायचे. चर्चने पाच उमेदवार उभे केले आणि घरोघरी पत्रक टाकलं: हा ख्रिस्ती देश आहे, शाळाही तशीच राहिली पाहिजे, पाहुण्यांनी यजमानाच्या घरात ढवळाढवळ करू नये. खाली पाच फोटो. चार गोरे, पाचवी माझी मैत्रीण. वाचून संताप यायला हवा होता. तो आलाही, पण नंतर. आधी मनात आलं, हिला विचारलं आणि मला कुणी विचारलं नाही. मी त्यांच्या चर्चची नव्हते, हे तेव्हा जणू माझ्या गावीच नव्हतं.

त्याच आठवड्यात ती चहाला आली. मी पत्रक तिच्यापुढे सरकवलं आणि विचारलं, यातली पाहुणी कोण, तू की मी? ती ओशाळली. मजकूर आपल्याला न दाखवताच छापला, म्हणाली. मग कप खाली ठेवून हळूच म्हणाली, “मी आत गेले ना, की तो वर्ग शाळा सुटल्यावर घ्यायला लावते. तुझी पोर अशी बाजूला बसते ते मला बघवत नाही गं.”

दुसरी कुणी असती तर मी तिचे हात हातात घेतले असते. पण तिचं ते ‘आत’ मला झोंबलं. हिने आत जायचं, आणि वर माझ्यावर उपकार करायचे. मी विषय बदलला.

मतपत्रिका पोस्टाने आली. तिच्या नावापुढची चौकट मी कोरी ठेवली. तत्त्वासाठी ठेवली असती तर आज मान वर करून सांगितलं असतं. पण त्याच पत्रकातल्या एका गोऱ्या बाईच्या नावापुढे मी खूण केली. मी काम करायचे त्या दुकानात ती औषधं घ्यायला यायची, आणि माझं नाव नीट उच्चारायची. एवढंच कारण होतं.

निकाल शाळेच्या ऑफिसच्या काचेवर लागला. पत्रकातले चौघे निवडून आले होते. पडली ती एकटी माझी मैत्रीण. ज्यांनी तिच्या घरी जेवण पोचवलं होतं, त्यांनीही पहिल्या चौघांवर खुणा करून पेन खाली ठेवलं असणार. क्षणभर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की तो वर्ग हलवणारं माणूस तेवढं एकच होतं.

संध्याकाळी ती आली, डोळे सुजलेले. “हीप्स लोकांनी, कितीतरी जणांनी सांगितलं होतं, वुई आर विथ यू,” म्हणाली. “चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसतात गं ती माणसं.” मग तिने विचारलं, “तू तरी दिलंस ना मला?”

“दिलं की,” मी म्हटलं.

तिने माझा हात घट्ट धरला. मत गुप्त असतं, त्यामुळे तिला आजही ते ठाऊक नाही. मुलगी त्या शाळेतून बाहेर पडेपर्यंत दर बुधवारी लायब्ररीत बसली.