आतल्या चाकाचे माप

गजेंद्र उके यांचे घर कटंगीजवळच्या एका खेड्यात आहे. आयुष्याचा मोठा भाग मात्र मलाजखंडच्या वाटेवर, ट्रेलरच्या केबिनमध्ये गेला आहे. खाणीतला माल ते बालाघाटला उतरवतात. धाकटा भाऊ रवी सोबत असतो. वाटेतल्या घाटाच्या माथ्यापर्यंत गजेंद्र गाडी चालवतात, उतार रवीकडे असतो.

पूर्वी गजेंद्र खाणीत टिप्पर चालवत. तिथली एक रीत त्यांच्या अंगवळणी पडली आहे. मागे एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलेल्या चाकांच्या जोडीत नवा टायर आत आणि झिजलेला बाहेर, कारण धारदार दगड आधी बाहेरच्याला कापतो. ही रीत चुकीची म्हणता येत नाही. ती त्या रस्त्यापुरती होती.

यंदा मागच्या एका जोडीतला आतला टायर निकामी झाला. बाहेरचा दहा-वीसचा होता. गजेंद्रांनी ओळखीतून अकरा-वीसचा आणला. 'वीस' म्हणजे रिमचा व्यास; तो जुळला, टायर बसला, आणि त्यांनी प्रश्न मिटला असे मानले. पहिला आकडा रुंदीचा असतो आणि रुंदीबरोबर टायरची उंचीही वाढते, याचा विचार झाला नाही. आतले चाक सहसा कोणी निरखत नाही.

तो टायर घाटात फुटला. गजेंद्रांनी नशिबाला दोष दिला आणि तसाच दुसरा बसवला. तोही उतारावर फुटला, तेव्हा स्टिअरिंगवर रवी होता. गाडी रस्त्याच्या कडेला कशीबशी थांबली.

"दादा, आता मी या गाडीत बसत नाही."

"काहून? भेऊन राह्यला का?"

"हौ, भेऊन राह्यलो. तुले भेव नाही, कारण उतारावर तू झोपून राह्यतं!"

रवी खरोखरच बसने गावी गेला. एकट्याने तो घाट उतरणे गजेंद्रांना शक्य नव्हते, हे ते स्वतःच सांगतात. वसंता टायरवाल्याकडे जायची कल्पना कोणाची, यावर मात्र दोघांचे एकमत नाही. गजेंद्र ती स्वतःची म्हणतात. रवी नुसता हसतो. एवढे निश्चित की दोघेही तिथे हजर होते.

वसंताने जोडी जॅकवर उचलली आणि दोन्ही टायरांवर बांबूची सरळ काठी आडवी धरली. आतल्यावर ती टेकली. बाहेरच्यावर हाताची बोटे सहज जातील इतकी फट राहिली.

"गजूभाऊ, एका जुवाले बैल अन् गोऱ्हा जुपला तुमी. सारं वझं बैलावर. गोऱ्हा नुसता घासत चालला."

"मंग मोठा बाहेर टाकू?"

"बैल उजवीकडून डावीकडे नेल्यानं गोऱ्हा मोठा होते का, भाऊ?"

रवी मोठ्याने हसला. गजेंद्र हसले नाहीत. दोन्ही टायर अकरा-वीसचे घेतले तर जोडीतली जागा अरुंद होऊन ते एकमेकांना घासतील, असे वसंताने सांगितले. उरला एकच मार्ग: दहा-वीसचेच दोन, सारख्याच झिजेचे. गजेंद्रांनी तो मान्य केला, पण नवी जोडी बसल्यावर काठी पुन्हा धरायला लावली. या वेळी ती दोन्हींवर टेकली. रवीने वाकून, एक डोळा मिटून पाहिले.

पुढच्या खेपेला घाटाच्या माथ्यावर गजेंद्रांनी गाडी उभी केली. रवीने खाली उतरून जोडीतल्या दोन्ही टायरांना हात लावला. दोन्ही सारखेच कोमट होते. मग तो वळसा घालून चालकाच्या दाराशी आला.

"सरक," तो दादाला म्हणाला, "अन् आज झोपू नको."