आर्डिस किवेलाच्या टाक्या

आर्डिस किवेला आमच्या तळ्याकाठच्या कारखान्यात फुटक्या बोटी सांधायची. काचेच्या कापडावर इपॉक्सी नावाचं चिकट, वाळून कडक होणारं रसायन चढवायचं, खालचे बुडबुडे दाबून काढायचे, वाळलं की घासायचं. उत्तर मिनेसोटात हिवाळा लांब असतो. तळं गोठलं की बोटींचं काम मंदावायचं आणि तिला वेळच वेळ मिळायचा. त्या वेळात तिने विमान बांधलं. दोन माणसांचं, पांढरंशुभ्र, फोम आणि काचेच्या कापडाचं. नवरा सोडून गेला त्याच हिवाळ्यात तिने ते बांधायला घेतलं होतं. त्यावरून कुणी चिडवायच्या आत तीच म्हणायची, "हे निदान उडून जातं तेव्हा आवाज तरी करतं."

सरकारी रस्त्यांवरचा बर्फ सारायचा ट्रक मी चालवतो, आणि गावच्या धावपट्टीवर माझं हँगर, म्हणजे विमान ठेवायची शेड, तिच्या हँगरला लागून आहे. त्यामुळे पुढे जे झालं ते बहुतेक माझ्या डोळ्यांसमोर झालं.

अशा विमानांना वेगळी इंधनाची टाकी नसते. पंखाच्या मुळाशी एक पोकळी ठेवतात, तिला आतून इपॉक्सीचे लेप देतात आणि वरून झाकण चिकटवून कायमचं बंद करतात. त्यानंतर आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. म्हणून टाकी करायला लोकांना आर्डिस हवी असायची. ड्वेन तिचा शाळेपासूनचा मित्र, कागद गिरणीतून निवृत्त झालेला वायरमन. त्याने विमान बांधायला घेतलं तेव्हा वायरिंग त्याचं आणि टाक्या हिच्या, हे न बोलताच ठरलं होतं. त्याच हिवाळ्यात आमच्याच धावपट्टीवरच्या लॉइड स्ट्रोपकोच्या विमानाच्या टाक्याही तिनेच केल्या.

पेट्रोलला दाद न देणारं एक वेगळं इपॉक्सी मिळतं. घट्ट, हाताळायला चिवट आणि नीट पिकायला, म्हणजे पूर्ण कडक व्हायला, भरपूर ऊब मागणारं. आर्डिसने ते मागवलं होतं, पण माल वसंतापर्यंत येणार नव्हता. ड्वेनला तेवढा धीर नव्हता.

"तुझ्या टाकीत काय आहे?" त्याने विचारलं.

"बोटींचं साधं."

"मग इतकी वर्षं उडतेस ती कशावर? देवाच्या नावावर?"

"मी विमानाचंच पेट्रोल घालते, ड्वेन. रस्त्यावरच्या पंपाचं इथेनॉलवालं घातलं तर हे साधं मऊ पडतं."

"बरं बाई, नाही घालत. आता कालव ते."

तिने ते कालवलं. हे बोलणं चर्चच्या तळघरात, कॉफी पिताना, दहा जणांच्या गलक्यात झालं. मी तिथे नव्हतो. हे मला फार उशिरा कळलं.

दोन उन्हाळे काही झालं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात धावपट्टीवरचा पेट्रोलपंप गळायला लागला म्हणून बंद केला. विमानाचं पेट्रोल मिळणारी पुढची धावपट्टी बरीच लांब. ऑगस्टमधल्या एका सकाळी ड्वेनचं विमान जमिनीवरून सुटलं, झाडांच्या शेंड्यांवर गेलं, आणि इंजिन दोनदा खोकून गप्प झालं. विमान बंद पडताना केवढी शांतता होते ते मी तोवर ऐकलं नव्हतं. तो ओटच्या शेतात उतरला. उतरला तसा बरा, पण शेताच्या कडेला चर होता. डावा घोटा आणि खुबा मोडला. आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता आणि आर्डिसला म्हणाला, "माझं काही चुकलं नाही. मी सगळं तपासलं होतं." ती त्याचा हात धरून बसली. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तो सोडला नाही.

मोडकं विमान हँगरमध्ये आणल्यावर तिने इंधनाची गाळणी उघडली. आत मधासारखा तपकिरी, चिकट गोळा. तिने तो बोटावर घेतला, चोळला, मग गाळणीतलं पेट्रोल बाटलीत धरून उजेडात पाहिलं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. हे वाळल्या गवताच्या रंगाचं होतं.

"रस्त्यावरच्या पंपाचं आहे," मी म्हटलं. "त्यानेच घातलं. तुझा काय दोष?"

"चिकट झालंय ते इपॉक्सी माझं आहे," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी ती लॉइडकडे गेली. मलाही बरोबर नेलं. लॉइड अंगणात मासे साफ करत होता. तिने सरळ सांगितलं, की तुझ्या टाक्यांत तेच आहे, मी त्या उघडून पुन्हा करून देते, तोवर उडू नकोस.

लॉइडने सुरी धुतली. "म्हणजे माझं नवं विमान करवतीने कापायचं."

"वरचं झाकण कापायचं."

"ड्वेनने मूर्खपणा केला म्हणून? मी डोळे मिटून तुझ्या हातावर विसंबलो, आर्डिस. आता तूच म्हणतेस तो हात खोटा होता?"

"त्या हिवाळ्यापुरता होता."

"मी रस्त्यावरचं घालत नाही. जा घरी."

तो उडत राहिला. त्याच्या इंजिनाचा आवाज आला की आर्डिस हातातलं काम टाकून हँगरच्या दारात येऊन उभी राही आणि आवाज झाडांपलीकडे विरेपर्यंत हलत नसे. एकदा ती बोटींच्या कारखान्यात असताना तो वरून गेला, तर तिने कालवलेलं इपॉक्सी डब्यातच घट्ट होऊन वाया गेलं. ती खंगली. जेवणाचा डबा तसाच परत नेई.

सप्टेंबरात तिने स्वतःच्या विमानाचा पंख कापला. मी मदतीला होतो. करवत चालू करण्याआधी तिने पंखावरून एकदा हात फिरवला, आणि मग थांबली नाही. झाकण निघालं. आत बॅटरीचा उजेड टाकला तर लेप काचेसारखा कडक, चकचकीत. नखाने ओरखडाही उठेना. मला वाटलं आता तरी तिचा जीव भांड्यात पडेल.

"बघ," मी म्हटलं, "विमानाचंच पेट्रोल वापरलं तर काही होत नाही."

ती खाली फरशीवर बसली. "वाईट निघालं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मग मलाही माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं. मला माहीत होतं. म्हणून तर मी माझ्यात कधी दुसरं घातलं नाही. ड्वेनला मात्र हसत हसत एकदा सांगितलं आणि टाकी बंद करून दिली."

ड्वेनला ते बोलणं आठवत नव्हतं. इस्पितळात तो सगळ्यांना सांगत असे की तिने कधी बजावलं नाही. खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. गावात दोन तट पडले. कारखान्यात एकाने आपली बोट दुसऱ्याकडून सांधून घेतली. आर्डिसने कुणालाच उलट सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पलंगावर पडलेल्या माणसाशी कोण बरोबर होतं यावर भांडू?"

पहिला बर्फ पडायच्या सुमाराला लॉइड आला. टोपी हातात, दुसऱ्या हातात त्याची गाळणी. तळाशी तपकिरी साय धरली होती.

"एकदाच घातलं होतं," तो म्हणाला. "बायकोच्या भावाकडे गेलो होतो, तिथे दुसरं मिळालं नाही."

आर्डिसने गाळणी त्याच्या हातून घेतली. खुर्ची दिली.

तो अख्खा हिवाळा तिने लॉइडच्या पंखात डोकं घालून काढला. मऊ पडलेला लेप पट्टीने खरवडायचा, पुसायचं, घासायचं. मग ते नवं, चिवट इपॉक्सी. हँगरमध्ये श्वास गोठत होता, म्हणून पंखाभोवती रजया गुंडाळून आत हीटर लावले होते. पिकताना ऊब कमी पडू नये म्हणून ती आणि लॉइड पाळी लावून बसत.

फेब्रुवारीत ड्वेन कुबड्यांवर आला. त्याची बायको मार्लिस त्याला गाडीतून घेऊन आली होती. ती दारातच उभी राहिली. ड्वेनने उघड्या पंखात डोकावलं आणि म्हणाला, "हे माझ्या वेळी केलं असतंस तर."

आर्डिसने मान हलवली. "हो."

तेव्हा मार्लिस दारातूनच बोलली. "तिने सांगितलं होतं, ड्वेन. तळघरात. मी तुझ्या शेजारी बसले होते. इथेनॉलचं म्हणाली, आणि तू म्हणालास, नाही घालत."

ड्वेन तिच्याकडे बघत राहिला. "मग इतके महिने बोलली का नाहीस?"

"तू त्या पलंगावर होतास. मला कुणीतरी हवं होतं रागवायला. तुझ्यावर कसं रागवू?" मग ती आर्डिसकडे वळली. "तुझ्यावर रागवणं सोपं होतं."

आर्डिसने हातातली पट्टी खाली ठेवली. "मी पुन्हा सांगायला हवं होतं. पंप बंद झाला त्या दिवशी. माझ्या डोक्यात आलं होतं, आणि मी म्हटलं, ड्वेनला कळतं."

कुणी कुणाची माफी मागितली नाही. मार्लिस गाडीत जाऊन बसली.

लॉइडचं विमान जूनमध्ये उडालं, आणि अजून उडतंय. आर्डिसने आपलंही झाकण पुन्हा बसवलं, पण त्याआधी आतला चांगला, कडक लेप खरवडून काढला आणि नवा चढवला. मी म्हटलं, कशाला. ती खरवडतच राहिली. ती आता क्वचित उडते. एकटीच.

मागच्या शरदात ड्वेनने तिला म्हटलं की पुन्हा विमान बांधायला घेतो, टाक्या तूच कर. तिने बरेच दिवस होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मग म्हणाली, "कालवायचं तू. चढवायचं तू. मी शेजारी उभी राहीन." त्याला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून तो उंच स्टुलावर बसून करतो. हात वाकडे पडतात, बुडबुडे राहतात. ती दाखवते, तो पुन्हा दाबतो. अधूनमधून दोघं कशावरून तरी हसतात, पूर्वीसारखं नाही, पण हसतात. मार्लिस त्याला हँगरच्या दारापर्यंत सोडते आणि गाडी वळवते. आत ती येत नाही.