पिन काल

शरच्चंद्र सबनीसांनी एकतीस वर्षं एका विमा कंपनीच्या कोलकात्यातल्या कचेरीत वाहनांच्या अपघातांचे अहवाल वाचण्यात घालवली. कोणता माणूस कोणत्या पायरीवर घसरणार, हे त्यांना त्या माणसाच्या आधी दिसतं. अशा गृहस्थाने निवृत्तीनंतर चौदा वर्षांचा जुना पिकअप घ्यावा हे कुणालाच पटलं नाही. खुद्द त्यांनाही अजून पटलेलं नाही. पण बदली होऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांचं सामान हावडा स्टेशनवरून घरी पोचवायला कुणीतरी हवं होतं, आणि दिवसभर गॅसची नळी हुंगत फिरणारा नवरा वृंदाताईंना बेहालाच्या दोन खोल्यांत नको होता.

पिकअपने मात्र वयाला शोभेल असे सगळे आजार जमवले होते. पुढच्या स्प्रिंगचे पाटे असे बसले होते, की ट्रामच्या रुळावरून जाताना सबनीसांची कवळी स्वतंत्रपणे प्रवास करायची. स्टीअरिंग इतकं ढिलं, की डावीकडे फिरवल्याची बातमी चाकांना मिळेपर्यंत वळण मागे पडलेलं असे. शेवटी खिदिरपूरच्या मेकॅनिक नेपालदांनी गाडी ठेवून घेतली आणि चार दिवस तिच्याखाली मुक्काम केला.

नेपालदांना वहीचा तिटकारा. गाडीची कामं ते खडूने बॉनेटवरच लिहितात, अर्थात बंगालीत, आणि काम झालं की त्यावर रेघ ओढतात. सबनीसांना बंगाली लिपी येते. बसच्या पाट्यांवरून तीन महिन्यांत शिकलो, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. अर्थाचं मात्र तेवढं जमलेलं नाही. वृंदाताईंचं नेमकं उलटं. त्या बाजारात भाजीवाल्यांना गप्प करतील असं बंगाली बोलतात, पण अक्षर एक ओळखत नाहीत. दोघांना शेजारी उभं केलं, तर एक शिकलेला बंगाली माणूस तयार होतो.

त्या मंगळवारी बँकेतला चिन्मय नावाचा तरुण बायको आणि तान्ह्या बाळासह आठच्या गाडीने यायचा होता. सबनीस दांपत्य सहालाच खिदिरपूरला पोचलं. दुकान बंद, नेपालदांचा फोन उचलला जाईना. पिकअप रस्त्याच्या कडेला उभा होता आणि दुसरी किल्ली सबनीसांच्या खिशात होती. त्यांनी चष्मा पुसला आणि बॉनेट वाचलं. पाटे, रेघ. बुश, रेघ. टाय रॉड, रेघ. शेवटच्या ओळीवर रेघ नव्हती, तिथे दोन शब्द होते. सबनीसांनी ते जुळवले, मान डोलावली आणि वृंदाताईंना गाडीत बसायला सांगितलं. कालच सगळं पुरं झालंय म्हणाले.

गाडी खरंच बदलली होती. स्टीअरिंग हलवताच चाकं ऐकत होती. सबनीस खूश होते, म्हणजे त्यांच्या मानाने कमी घाबरलेले होते. हेस्टिंग्जपाशी पुढून टक असा आवाज आला. नवे भाग आहेत, बसायला वेळ लागतो, असं त्यांनी जाहीर केलं. हुगळीवरच्या पुलाचा चढ लागला आणि टकचं टकटक झालं. त्यांच्या डोक्यात एकतीस वर्षांचे अहवाल आपोआप उलगडू लागले. प्रत्येकाच्या शेवटी तेच वाक्य होतं: चालकाने खात्री करून घेतली नव्हती.

वृंदाताईंनी मांडीवरचा पोह्यांचा डबा घट्ट धरला.

"नक्की झालंय ना हो सगळं?"

"लिहिलंय त्याने. स्वच्छ अक्षरात. पिन काल."

वृंदाताईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या असं पाहतात तेव्हा सबनीसांचा रक्तदाब वाढतो.

"काय झालं?"

"अहो, पालेभाजीवाली मला 'काल आणते' म्हणते, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन जाते."

"म्हणजे?"

"आपला काल गेलेला असतो. या बंगाल्यांचा यायचाही असतो. गाडी थांबवा."

पुलाच्या चढावर गाडी थांबवणं सोपं नसतं. मागे बस कोकलत होती. सबनीसांनी ब्रेकवर पाय असा ठेवला, की जणू झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतायत. पिकअप कठड्याकडे सरकला, हवा त्यापेक्षा थोडा जास्त सरकला, आणि त्यापासून वीतभर अंतरावर उभा राहिला. खाली, फार खाली, हुगळी होती.

वृंदाताईंनी दोन मोठे दगड शोधून चाकांमागे लावले. सबनीस टॉवेल अंथरून गाडीखाली शिरले. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकाचा नट शेवटच्या दोन आट्यांवर लोंबत होता. तो निसटू नये म्हणून बोल्टमधून जी पिन आरपार जायला हवी, तिचं भोक रिकामं होतं. त्यातून पलीकडचं आकाश दिसत होतं. बाहेर येऊन त्यांनी पिनच नाही म्हणून सांगितलं. वृंदाताईंनी अंबाड्यातला आकडा काढून पुढे केला. सबनीसांनी तो हातात धरला, वाकवून पाहिला आणि परत दिला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी काही करून पाहायचं नाही असं ठरवलं.

चिन्मयला त्यांनी टॅक्सी करायला कळवलं. नेपालदांचा फोन सातव्या प्रयत्नात लागला. वृंदाताईंनी नेपालदांना बंगालीत जे ऐकवलं, ते सबनीसांना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. वीस मिनिटांत नेपालदा लुंगीवरच स्कूटर दामटत आले. दुकानात योग्य मापाची पिन नव्हती म्हणूनच लिहून ठेवलं होतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. नट त्यांनी हातानेच टेकवला होता. खाली डोकावल्यावर मात्र त्यांनी जीभ चावली. पान्याने नट आवळला, पिन घातली, तिचे पाय दोन्हीकडे वाकवले. मग सबनीसांना हात धरून खाली वाकवलं आणि दाखवलं.

उठल्यावर नेपालदांनी बाहीने बॉनेट पुसलं, खिशातून खडू काढला आणि दोन शब्द लिहिले.

"वाचा, शरतबाबू," वृंदाताई नेपालदांच्याच सुरात म्हणाल्या.

सबनीसांनी अक्षरं जुळवली. "पिन आज."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मान हलवेपर्यंत त्यांनी किल्ली लावली नाही.