सरकारमान्य दारुडा

समस्त सज्जनांनी कृपया उभे राहून ऐकावे, कारण बाब अत्यंत गंभीर आहे आणि ती आजवर कोणत्याही सरकारी पत्रकात छापून आलेली नाही. दारूबंदीच्या दिवसांत, म्हणजे पन्नास सालानंतरच्या त्या काही वर्षांत, आमच्या चिंचवड गावात सरकारने रीतसर मान्यता दिलेला दारुडा एकच होता. आणि तो दारू पीत नव्हता.

बसा आता.

बोलण्याआधी त्याचा हात गळ्याशी जायचा. सदऱ्याच्या गुंडीखाली तुळशीची माळ असे. ती तो बोटाने चाचपायचा आणि म्हणायचा, "आपलं काय हो, सरकारदरबारी आपण दारुडे!" ऐकणारा हसायचा. तो हसायचा नाही.

तो कोकणातला, हर्णैच्या बाजूचा. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उभे राहू लागले होते, त्यांतल्या एकात तो पाइप जोडायच्या कामावर होता आणि मी तिथल्याच स्टोअरमध्ये. आमच्या आळीत त्याने एक खोली घेतली होती. तुमच्यापैकी ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांना सांगतो: दारू बंद होती, पण ज्याला ती सुटता सुटत नाही असा डॉक्टरने निर्वाळा दिला, त्याला परमिट मिळे. ते दाखवायचं, पुण्याच्या लष्कर भागातल्या ठरलेल्या दुकानातून महिन्याची बाटली घ्यायची. गावात चोरून पिणारे पुष्कळ होते. उघडपणे बाटली आणणारा हा एकटा. म्हणून त्याचं नावच पडलं 'परमिट'.

बाटली आणायची त्याची तऱ्हा पाहण्यासारखी होती. चिंचवड स्टेशनावर गाडीतून उतरला की पिशवी अंगापासून लांब धरून चालायचा, मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तशी. घरी आला की बाटली मोरीजवळ ठेवून वर घमेलं पालथं घालायचा आणि लगेच डोक्यावरून आंघोळ करायचा. शेजारच्या बायकांनी याचा अर्थ लावलाच. "वाटेतच पितोय मेला. नशा उतरवायला पाणी घेतो अंगावर."

मग ओळखी वाढल्या. तालमीतले पहिलवान येऊन म्हणायचे, "भाऊ, गुडघ्याला चोळायला जरा..." शाळेतले एक मास्तर गालाला हात लावून उभे राहायचे. "दाढ हो, दाढ. नुसता कापसाचा बोळा भिजवला तरी भागेल." एका आळीत इतके दात एकदम दुखताना मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. तो सगळ्यांना हात जोडायचा. "नाय हो. मलाच पुरत नाय." झालं. दारुडा तर होताच, आता चिक्कूही ठरला.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट मारुतीच्या देवळापाशी संपत असे. शनिवारी तिथे भजन असायचं. वीणा धरायचे ते एक म्हातारे बागायतदार, गावातल्या जुन्या घराण्यातले, माणूस सरळ आणि करडा. हा पहिल्याच शनिवारी टाळ घेऊन गेला, तेव्हा त्यांनी वीणा थांबवली.

"पावनं, राग मानू नका. पर माळ बी घालायची आन् परमिट बी घ्यायचं, ह्ये आमच्यात चालत न्हाई. तुमी भायेर पारावर बसून ऐका."

तो बाहेर पारावर बसला. दर शनिवारी बसत राहिला. टाळ नाही, नुसता गुडघ्यावर हाताने ताल. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, भांडत का नाहीस त्यांच्याशी?"

हात गळ्याशी गेला. "बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर मला पारावर पण बसू दिलं नसतं."

खरं काय ते त्याने मला पवनेच्या घाटावर सांगितलं, रविवारचे कपडे धुता धुता. आधी म्हणाला, "राव, शपथ घ्या."

"कशाची?"

"तुम्हाला जे खरं वाटतं त्याची."

मी आमच्या म्हशीची घेतली. तिच्याइतकं खरं आमच्या घरात दुसरं काही नव्हतं.

बाटली त्याच्या बापासाठी होती. बाप तांडेल, उभा जन्म गलबतावर काढलेला, आणि उभा जन्म रोज माडी प्यालेला. दारूबंदी आली, माडीची दुकानं बंद झाली आणि म्हाताऱ्याच्या हातांना कंप सुटला. पेजेची वाटी धरवेना. भरदिवसा भिंतीवर कुर्ल्या, म्हणजे खेकडे, चढताना दिसायला लागल्या. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, या वयात एकदम तोडलीत तर जाईल हा, थोडी थोडी द्यावी लागेल, परमिट काढा. त्यावर म्हातारा गरजला होता, "मी दारुडा आहे असं सरकारला लिहून देऊ? चार बंदरांत नाव आहे माझं!"

नाव राखण्यासाठी म्हातारा मग टेकडीमागच्या हातभट्टीवर जाऊ लागला. त्याच भट्टीची पिऊन खालच्या वाडीतल्या दोघांचे डोळे कायमचे गेले होते.

"म्हणून मी गेलो पुण्याच्या डॉक्टरकडे," तो म्हणाला. "सांगितलं, मला सुटत नाय. हात थरथरवून दाखवले. बापसाचे बघितले होते ना, तेच आठवले."

"आणि बापाला काय सांगितलंस?"

"कंपनीचं टॉनिक आहे म्हणून. महिन्याकाठी मी बोटीने नेऊन देतो, आई चमच्याने देते. तेवढ्यावर हात थांबतात. टेकडीकडे जात नाय."

"आयुष्यभर प्यालेला माणूस, टॉनिक आणि दारू ओळखत नाही होय?"

"ओळखतो. पण विचारत नाय." त्याने सदरा पिळला, झटकला. "कोणाला सांगू नका. माझ्या परमिटावरची दुसऱ्याला दिली हे कळलं तर परमिट जाईल, मी आत जाईन. आत जायचं काय नाय. पण म्हातारा टेकडीकडे जाईल."

आता तुमच्या लक्षात आलं असेल की पारावर बसून ताल धरणाऱ्या त्या माणसाला देवळात जाऊन एक वाक्य बोलायचीही सोय नव्हती.

एकदा शिमग्याच्या सुमारास त्याच्या गावचा माणूस कामाच्या शोधात पिंपरीला आला, तो निरोप घेऊनच. बाटली संपली होती, आणि म्हातारा टेकडीच्या वाटेवर दिसला होता. आईने अर्ध्यातून ओढून परत आणला. याने त्याच दिवशी रजा मांडली, लष्करातून बाटली आणली आणि माझ्याकडे आला.

"येता का राव? दर्या बघाल."

मी समुद्र पाहिला नव्हता. पण त्याला सोबत हवी होती ती दर्या दाखवायला नव्हे. बोटींवर हल्ली दारूबंदीचा एक नवा जमादार फिरत होता. एकट्या माणसाला हटकून अडवत होता.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर पहाटे आम्ही बोटीत चढलो. बोटीवर मद्य आणण्यास सक्त मनाई, अशी पाटी शिडीशीच होती. परमिटवाल्याला मात्र एक वाट ठेवलेली होती: आपली बाटली बोटीवरच्या कारकुनाकडे जमा करायची आणि आपलं बंदर आलं की परत घ्यायची. मधल्या वेळात प्यायची नाही. कारकून याला ओळखत होता. "या परमिटशेठ!" म्हणून त्याने बाटली कपाटात ठेवली. प्रवासात हा बंद गळ्याचा कोट घाले. वरची गुंडी लावलेली, माळ झाकलेली.

पुढचं वर्णन आवरतं घेतो. मी समुद्र पाहिला. मी सकाळी काय खाल्लं होतं, ते समुद्रानेही पाहिलं. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता, पण नजर सारखी कारकुनाच्या कपाटाकडे. "राव, हर्णै आलं की पहिल्या होडीतच उतरायचं. रेंगाळायचं नाय."

हर्णैला बोट काठाला लागत नाही. लांब खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना न्यायला होड्या येतात. दुपार टळली होती. कोट उन्हात तापला होता, त्याने वरची गुंडी सोडली. कारकुनाने बाटली त्याच्या हातात दिली. शिडी पाच पावलांवर. तेवढ्यात एका म्हाताऱ्या कोळणीचं गाठोडं तिला उचलेना. "जरा हात लाव रे पोरा." हा वाकला, गाठोडं तिच्या डोक्यावर ठेवलं आणि उभा राहिला. माळ कोटाबाहेर लोंबत होती.

शिडीशी जमादार उभा होता.

"माळकरी का रे?"

हात गळ्याशी गेला, पण उशीर झाला होता. "होय साहेब."

"आणि हातात काय?"

"माझंच आहे साहेब. परमिट आहे."

जमादाराने परमिट पाहिलं, माळ पाहिली. "दोन्ही दिसतायत मला. दोन्हींतलं एक खोटं आहे. कुठलं ते तूच सांग. कोणाला नेतोस?"

"कोणाला नाय. मला लागते."

"लागते? मग घे की. आत्ता. माझ्यासमोर."

मी पुढे झालो. "साहेब, बोटीवर प्यायला मनाई आहे."

"मनाई करणारा मीच. आज मीच पाजतोय." लोक हसले. उतारू शिडी सोडून भोवती गोळा झाले. खालून होडीवाला ओरडत होता, "चला हो, पाणी फिरतंय!"

"प्यायलास तर जा घेऊन तुझी बाटली," जमादार म्हणाला. "नाही प्यायलास तर ती कोणाची ते तालुक्याला जाऊन सांगायचं."

इथे मी जरा थांबतो. त्यानंतरच्या दिवसांचं आधी सांगून टाकतो, कारण त्या बोटीवरचं शेवटचं वाक्य शेवटीच सांगावं असं आहे.

बाटली गेली. परमिट गेलं. तालुक्याला खटला झाला. त्या संध्याकाळी मात्र जमादाराने त्याला घरी जाऊ दिलं, मी बरोबर होतो. म्हातारा ओट्यावर बसला होता, हात मांडीखाली दाबून. लेकाने सगळं सांगितलं: टॉनिक, पुण्याचा डॉक्टर, परमिटावरचं नाव. म्हाताऱ्याने दर्याकडे तोंड फिरवलं. मग एवढंच म्हणाला, "माझ्या पोराचं नाव लावलंस?" जणू काही हे करणारा पोर दुसराच कोणी होता.

पुढचं मला त्या गावच्या माणसाकडून कळलं. म्हातारा टेकडीच्या वाटेला गेला नाही. कोणी आणून दिली तरी घेतली नाही. कुर्ल्या मात्र रोज आल्या. पावसाच्या आधी तो गेला. डोळे शाबूत होते.

आमचा सरकारमान्य दारुडा चिंचवडला परत आला नाही. आईपाशीच राहिला. त्याची खोली मी रिकामी केली. मोरीजवळचं घमेलं शेजारणीने मागून घेतलं.

शपथेतून मी मोकळा झालो होतो. वीणेकरीबुवांना मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "माळ घालून पिला?"

"नाही. काढून."

पुढच्या शनिवारी त्यांनी पारावर, तो बसायचा तिथे, स्वतःच्या हाताने घोंगडी अंथरली. तिच्यावर कोणी बसलं नाही.

आता बोटीवर चला.

त्याने माळ डोक्यावरून काढली. ठेवायला जागा शोधली. डेकवर सगळीकडे पाय आणि ओकाऱ्या. शेवटी माझ्या ओंजळीत ठेवली. अजून कोमट होती. मग बूच काढलं. त्याचा हात थरथरत होता, आणि पुण्याच्या डॉक्टरसमोर करावं लागलं तसलं नाटक आज करावं लागत नव्हतं. जमादाराच्या चेहऱ्यावरचा संशय जरा ढळल्यासारखा मला वाटला. थरथरता हात पाहून कोणीही म्हणाला असता, हा पिणाराच. एक घोट, आणि खाली होडी. एवढंच अंतर राहिलं होतं.

त्याने बाटली तोंडाला लावली नाही. लावली असती तर ती उष्टी झाली असती, आणि ती बापाला जायची होती. त्याने उजव्या हाताचा तळवा वाटीसारखा केला, त्यात थोडी ओतली, डोळे मिटले आणि आवाज न करता ओठांनी ओढून घेतली. घशात आग लागली असणार. डोळ्यांतून पाणी आलं. पण तो खोकला नाही. उभा राहिला.

आणि मग, जन्मभराची सवय, तो ओला तळवा त्याने भक्तिभावाने डोक्यावरून मागे फिरवला.

डोक्यावर गाठोडं घेतलेली कोळीण माझ्या शेजारीच उभी होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आमच्या म्हशीची शपथ घेऊन सांगेन. नुसता कळवळा होता. पण आवाज दर्यावर हाका मारून कमावलेला, तो साऱ्या बोटीला ऐकू गेला:

"अगो बाय! ह्याला प्यायला कुठं येतंय? हा तर तीर्थ घेतोय!"