कंडोलन्सेस शिकवणारी बाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे ते — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. एवढंच.

मी गोंदियात इंग्रजी शिकवते. मुर्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फ्लॅट आहे, पहिल्या मजल्यावर. समोरच्या खोलीत माझे क्लासेस. प्रत्येक बॅचला एक शब्द मी आवर्जून शिकवते — कंडोलन्सेस. पोरं तो कुठेही ठोकून देतात. कुणी नापास झालं, कंडोलन्सेस. कुणाचा मोबाइल फुटला, कंडोलन्सेस. मी समजावते, अरे, हा फक्त मयतीच्या वेळी. बाकीच्या दुःखांना सिम्पथी चालते. मूळ अर्थही सांगते — दुसऱ्याच्या सोबतीनं दुःख करणं. पोरं माना डोलावतात.

सुनंदा माझी लहानपणची मैत्रीण. आमचं गाव सालेकसा तालुक्यातलं; तिला गावातच दिलं, मी शिकून इकडे आले. आमच्याकडे मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारचे शिजवून आणतात. माझे वडील गेले तेव्हा सुनंदा भात आणि लाखोळीचं वरण घेऊन आली होती. मी जेवत नव्हते. ती बाजूला बसून राहिली, एक शब्द बोलली नाही, आणि शेवटी घास कालवून तिनंच माझ्या तोंडात घातला. गावात याला ‘बसाले जाणं’ म्हणतात. बोलायचं काही नसतं, नुसतं बसायचं असतं. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं नाही.

मग तिचा नवरा आजारी पडला. त्याला गोंदियाला आणून दवाखान्यात भरती केलं. एका दुपारी तिचा फोन आला. “घरी आहेस का वं? आंघोळ करतो न् घडीभर पाठ टेकतो म्हणलं.”

मी म्हटलं, आम्ही नागपूरला आलोय.

मी कुठे होते? स्वयंपाकघराच्या खिडकीत. आणि ती खाली, आमच्या गेटपाशी — एका हातात पिशवी, कानाला फोन. मला स्पष्ट दिसत होती.

का म्हटलं मी तसं? संध्याकाळी नवऱ्याचे साहेब जेवायला यायचे होते. चादरी बदलून झाल्या होत्या. दवाखान्याचा वास घेऊन आलेली गावाकडची बाई मला त्या दिवशी घरात नको होती. याहून मोठं कारण मी पुष्कळदा शोधलं, पण सापडलं नाही.

तेवढ्यात आमच्या कुकरची शिटी झाली. तिनं वर पाहिलं. मी पडद्याआड सरकले. “बरं बरं, ठेवतो मंग,” ती म्हणाली आणि आली तशी दवाखान्याकडे चालू लागली. ऑटोसुद्धा केला नाही तिनं.

दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा गेला. मी मातीला गेले नाही. नंतर बसायलाही नाही. सालेकसा काय लांब आहे? गाडीत बसलं की पोचलं. पण तिच्या शेजारी बसायचं म्हणजे ती माझ्या तोंडाकडे पाहणार — भ्यायले मी. म्हणून मेसेज केला. इंग्रजीत. हार्टफेल्ट कंडोलन्सेस टु यू अँड युअर फॅमिली, आणि पुढे आणखी दोन वाक्यं. सुनंदाला इंग्रजी येत नाही हे मला ठाऊक होतं. मराठीत लिहायला घेतलं असतं तर काहीतरी खरं लिहावं लागलं असतं. आणि पाठवल्यावर — आता खोटं कशाला बोलू? — मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं.

पुढे गावातल्या एका लग्नात माझ्या काकूनं मला सगळ्यांसमोर झाडलं. “काऊन वं, सुनंदाकडं बसाले नाही आली तू?”

मी तोंड उघडायच्या आत सुनंदाच बोलली. “नागपूरले होती ना ती, काकू. इंग्रजीत मेसेज पाठवला होता तिनं. पोरीनं वाचून दाखवला.”

खरं सांगायची वेळ हीच होती ना? मी खाली पाहत बसले. मग पंगतीत वाढता वाढता सुनंदा माझ्यापाशी आली, वाकून माझ्या पानात भात घातला आणि हळूच म्हणाली, “कुकर बदल वं. लय दूर आयकू येते शिटी.”

आणि पुढच्या पानाकडे गेली.

भेटली की ती अजून बोलते, हसते. माझ्या घरी मात्र कधी आली नाही. मीही तिला ये म्हटलेलं नाही.

कंडोलन्सेस मी अजून शिकवते. उदाहरण म्हणून फळ्यावर तोच मेसेज लिहिते, नाव तेवढं गाळून. त्यात एकही चूक नाही.